लेक्चर सुटलं की सगळ्यांनाच गाडी हवी: कॅम्पसचं राइड ॲप आतून कसं चालतं

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय निघाले की "आपल्या युनिव्हर्सिटीसाठी उबरसारखं ॲप" हा विषय कुणी ना कुणी घेतंच, मी पण एकदा घेतलेला. डेमो मस्त होतो. नकाशा, त्यावर पिन, खाली "गाडी बोलवा" असं मोठं बटण, आणि एक छोटीशी गाडी रस्त्यावरून सरकत येतेय, बघणारे खूश. एवढं तीन-चार आठवड्यांत होऊन जातं, कारण नकाशा दुसऱ्याचा, लॉगिन दुसऱ्याचं, नोटिफिकेशन दुसऱ्याचं, आपण फक्त जोडायचं. खरी गंमत सुरू होते ती माणसं ॲप वापरायला लागल्यावर. तेव्हा कळतं की युनिव्हर्सिटी म्हणजे लहान आकाराचं शहर नव्हे. शहरात टॅक्सीची मागणी दिवसभर कमीजास्त का होईना येत राहते, इथे लेक्चर सुटलं की ती एकदम अंगावर येते आणि पंधरा मिनिटांत गायब. शहरात ड्रायव्हर आणि प्रवासी परत कधी भेटत नाहीत, इथे ते उद्या कँटीनमध्ये शेजारी उभे असतात. या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की डिझाइन बरंच बदलतं, म्हणून मी सगळं त्याच अंगाने सांगतोय.

तसं बघायला गेलं तर या धंद्याचं एक मूळ कॅम्पसमध्येच आहे. लिफ्ट ही उबरसारखीच अमेरिकन ॲपसेवा २०१२ ची, पण तिच्यामागचे लोगन ग्रीन आणि जॉन झिमर २००७ पासून झिमराइड नावाची सेवा चालवत होते आणि ती पहिल्यांदा सुरू झाली अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत. त्यात दोन मिनिटांत गाडी दारात वगैरे काही नव्हतं, लांबच्या प्रवासाला निघालेल्यांनी गाडीतल्या रिकाम्या सीट वाटून घ्यायच्या, एवढंच. सांगायचं कारण असं की "राइड ॲप" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक ही अशी ठरवून केलेली कारपूल. दुसरी म्हणजे युनिव्हर्सिटीच्याच गाड्या, पगारी ड्रायव्हर, आणि पोरांनी ॲपवरून बोलवायचं. तिसरी म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे तो स्टुडंटच ड्रायव्हर. तिघांचं कोडिंग थोडंफार सारखं वाटतं पण कायदा, इन्शुरन्स आणि जबाबदारी पार वेगळी. तिसऱ्या प्रकारात पेट्रोलचा खर्च वाटून घेण्यापलीकडे पैसे घेतले तर बऱ्याच देशांत तो प्रवासी वाहतुकीचा धंदा धरला जातो, आणि साधा खाजगी इन्शुरन्स अशा वेळी हात वर करू शकतो. हे वकिलाला विचारायचं काम आहे, आणि पहिली ओळ लिहायच्या आधी विचारायचं. मी पुढे बोलतोय ते मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण कॅम्पसवर तोच जास्त जमतो असं माझं मत.

आता आतलं मशीन. बाहेरून एक ॲप दिसतं पण प्रत्यक्षात चार तुकडे असतात: प्रवाशाचं ॲप, ड्रायव्हरचं ॲप, मधला सर्व्हर, आणि ऑफिसात बसलेल्या माणसासाठी कंट्रोलची स्क्रीन. चौथा तुकडा सगळे विसरतात. मग पहिल्याच दिवशी कुणाची तरी राइड अडकते आणि ती मोकळी करायला डेव्हलपरला रात्री अकराला थेट डेटाबेसमध्ये हात घालावा लागतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीसाठी एकदाच लिहायचं तर फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह घ्या, जे टीमला येतं ते घ्या, यावर वाद घालण्यात एक आठवडा घालवू नका (आम्ही दोन घालवले).

लोकेशनपासून सुरू करू. फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो, पण कॅम्पसवर माणूस उघड्या आकाशाखाली असतोच कुठे, तो लायब्ररीच्या जिन्यात किंवा दोन उंच बिल्डिंगच्या मधल्या बोळात उभा राहून बटण दाबतो. सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्याला यायला किंचित जास्त वेळ लागतो, आणि फोन त्या वेळेवरूनच अंतर काढत असल्यामुळे पिन पलीकडच्या रस्त्यावर जाऊन बसते. शहरातली ॲप्स यावर बरीच गणितं करतात. आपल्याकडे सोपा मार्ग आहे: पिन द्यायचीच नाही. कॅम्पसवर लोक जागा नावाने सांगतात, मेन गेट, लायब्ररीची मागची बाजू, मुलींचं हॉस्टेल, तर तशीच वीस-पंचवीस ठिकाणं ठरवून टाका आणि जवळची तीन वर दाखवा. जीपीएसने फक्त अंदाज करायचा, बोट माणसाने ठेवायचं. यात ड्रायव्हरचा "नक्की कुठे उभी आहेस" हा फोन वाचतो, आणि व्हीलचेअरवाल्या माणसासाठी कुठल्या थांब्यावर रॅम्प आहे हेही आधीच नोंदवून ठेवता येतं.

अंतराचं पण असंच. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले की पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोळा धरून सरळ अंतर काढायचं सूत्र आहे, हॅवरसाइन म्हणतात त्याला, दहा ओळींचा कोड. पण हे झालं कावळ्याचं अंतर. गाडी भिंतीपलीकडे ८० मीटरवर असेल आणि गेटला वळसा घालून यायला दीड किलोमीटर पडत असेल तर ती जवळची कशी म्हणायची? त्यामुळे रस्त्यावरूनचं अंतर लागतं. त्यासाठी रस्त्यांचं जाळं घ्यायचं, प्रत्येक चौक म्हणजे एक गाठ, प्रत्येक रस्ता म्हणजे दोरी आणि दोरीवर लिहिलेली मिनिटं, आणि सगळ्यात कमी मिनिटांचा मार्ग शोधायचा. डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने हे १९५९ साली छापलं, आजची राउटिंग इंजिनं त्याच कल्पनेवर उभी आहेत, फक्त वेगासाठी वरून बरंच काही केलेलं. अडचण अशी की कॅम्पसच्या आतले रस्ते मोठ्या नकाशांमध्ये बऱ्याचदा अर्धवट असतात, हे गेट रात्री बंद होतं, तो रस्ता फक्त चालायचा, हे त्यांना माहीत नसतं. ओपनस्ट्रीटमॅप इथे कामाला येतो, तो २००४ पासून लोकांनीच बनवलेला नकाशा आहे, चुकलेलं आपण स्वतः दुरुस्त करू शकतो आणि त्याच्यावर चालणारी फुकट राउटिंग इंजिनंही मिळतात. एक रविवार सायकल घेऊन कॅम्पस फिरा आणि नकाशा नीट करा. कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा त्याचा फायदा जास्त होईल.

"जवळची गाडी शोधा" म्हटलं की इंटरनेटवर लगेच जिओहॅश आणि एच३ समोर येतात. कल्पना साधी आहे, पृथ्वीवर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीला एक कोड द्यायचा आणि आपल्या नि शेजारच्या चौकटीतल्याच गाड्या तपासायच्या, म्हणजे लाखभर गाड्यांची अंतरं काढत बसावं लागत नाही. जिओहॅशमध्ये सहा अक्षरांचा कोड म्हणजे साधारण १.२ किलोमीटर बाय ०.६ किलोमीटरचा तुकडा. उबरने स्वतःची षटकोनांची पद्धत, एच३, २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. सुंदर काम आहे, वाचा जरूर. पण तुमच्याकडे गाड्या किती? वीस? मग वीसच्या वीस तपासा ना, कॉम्प्युटरला डोळ्याची पापणी लवेपर्यंत पण वेळ लागत नाही. रिपोर्टमध्ये भारी दिसतं म्हणून घातलेली गोष्ट नंतर दुरुस्त करायला आपल्यालाच बसावं लागतं.

गाडी नकाशावर सरकते ती कशी? प्रवाशाचं ॲप सर्व्हरला दर काही सेकंदांनी "आता कुठे, आता कुठे" विचारत बसलं तर त्याला पोलिंग म्हणतात, चालतं पण बहुतेक वेळा उत्तर "तिथेच" असं येतं आणि डेटा-बॅटरी फुकट जाते. त्यापेक्षा वेबसॉकेट, म्हणजे एकदा लावलेला फोन न ठेवता चालू ठेवायचा आणि सर्व्हरला काही नवीन असेल तेव्हा तोच बोलतो. ३० गाड्यांनी दर ४ सेकंदांनी जागा कळवली तर मिनिटाला ४५० मेसेज होतात, साधा सर्व्हर हे आरामात झेलतो. त्रास सर्व्हरकडून होत नाही, होतो ड्रायव्हरच्या फोनकडून. ड्रायव्हर ॲप उघडतो, मग गाणी लावतो, ॲप मागे जातं आणि फोन बॅटरी वाचवायला त्याला झोपवतो. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, मागे गेलेल्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. उपाय आहे, ड्यूटी चालू असेपर्यंत वर एक कायमचं नोटिफिकेशन दाखवत राहायचं, त्याला फोरग्राउंड सर्व्हिस म्हणतात, मग सिस्टिम त्याला जागं राहू देते. तरी काही कंपन्यांचे फोन स्वतःच्या मर्जीने ॲप मारतात, म्हणून सर्व्हरने प्रत्येक गाडीची शेवटची खबर किती जुनी आहे हे बघावं आणि मिनिटभराहून जुनी असली तर त्या गाडीला राइड देऊ नये. आमच्याकडे एक गाडी अर्धा तास नकाशावर गेटपाशी उभी दिसत होती आणि पोरं तिची वाट बघत होती, ड्रायव्हर केव्हाच घरी पोचला होता.

आता मॅचिंग, म्हणजे कुणाला कुठली गाडी. सगळ्यात सोपं: जो आधी मागेल त्याला सगळ्यात जवळची. बघा काय होतं. अमितने आधी मागितली, सायली पाच सेकंदांनी. पहिली गाडी अमितपासून २ मिनिटांवर आणि सायलीपासून ३ मिनिटांवर. दुसरी गाडी अमितपासून ४ मिनिटांवर पण सायलीपासून १२. सोप्या नियमाने अमितला पहिली मिळते, सायलीला दुसरी, दोघांची मिळून वाट १४ मिनिटं. उलट केलं तर अमित ४, सायली ३, मिळून ७. निम्मं! म्हणून आलेली रिक्वेस्ट लगेच न देता दहा-पंधरा सेकंद गोळा करायच्या आणि मग सगळ्यांची एकत्र जोडी लावायची. याचं गणित १९५५ मध्ये हॅरोल्ड कुन यांनी मांडलं, हंगेरियन मेथड नावाने, कारण ते ज्या कामावर उभं होतं ते दोन हंगेरियन गणितज्ञांचं. तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, मिळते, स्वतः लिहायची गरज नाही. फक्त एक करा, कुणाची वाट फारच वाढत असेल तर त्याला वजन द्या, नाहीतर लांबच्या हॉस्टेलवाला दर वेळी "सगळ्यांचं भलं" होण्यासाठी शेवटी राहतो.

यानंतरचा भाग डेमोत कधीच दिसत नाही आणि खऱ्या वापरात सगळ्यात जास्त रडवतो. एक राइड म्हणजे ठरलेल्या अवस्थांची साखळी: मागितली, गाडी मिळाली, गाडी पोचली, प्रवास सुरू, संपला, किंवा मध्येच कॅन्सल. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येतं हे कागदावर काढा आणि बाकी सगळ्या उड्या सर्व्हरने नाकारायच्या, संपलेली राइड कॅन्सल करता येता कामा नये. आता समजा रिक्वेस्ट दोन ड्रायव्हरना दिसतेय आणि दोघांनी एकाच क्षणी "घेतो" दाबलं. कोड असा लिहिलेला असतो की आधी तपास, राइड मोकळी आहे का, असेल तर नाव लाव. दोघांच्याही तपासाच्या वेळी ती मोकळीच होती! दोघांनाही होकार, दोन गाड्या गेटवर, आणि एका ड्रायव्हरचं डोकं फिरलेलं. हे आमच्या पायलटच्या, म्हणजे चाचणीच्या, दुसऱ्याच दिवशी झालं. उपाय म्हणजे तपासणं आणि नाव लावणं ही दोन कामं वेगळी ठेवायचीच नाहीत, डेटाबेसला एकाच दमात सांगायचं की अवस्था अजून "मागितली" असेल तरच हिचा ड्रायव्हर हा कर, आणि किती ओळी बदलल्या ते सांग. एक म्हणाला तर तुझी, शून्य म्हणाला तर दुसऱ्याने नेली.

याचाच भाऊ म्हणजे डबल टॅप. नेट हळू आहे, पोराने बटण दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, दोन राइड बुक. फोनने प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःच एक नंबर द्यायचा आणि तोच नंबर परत आला तर सर्व्हरने नवीन राइड न करता आधीचंच उत्तर द्यायचं. पैसे ऑनलाइन घेत असाल तर हे नसणं म्हणजे एकाच प्रवासाचे दोनदा पैसे.

गर्दीकडे येऊ, कारण कॅम्पसचा खरा प्रश्न तो आहे. समजा १५ गाड्या, एका फेरीला जाऊन-येऊन १२ मिनिटं, आणि लेक्चर सुटल्यावर दहा मिनिटांत ९० जणांनी गाडी मागितली. त्या दहा मिनिटांत गाडीत बसतात १५. बाकीचे ७५ स्क्रीनकडे बघत उभे, मॅचिंग कितीही हुशार असू द्या. शहरात यावर भाव वाढवतात, म्हणजे काही लोक गळतात आणि काही ड्रायव्हर घरातून बाहेर पडतात. इथे ड्रायव्हर पगारी, गाड्या ठरलेल्या, भाव वाढवून नवीन गाडी येणार नाही, फक्त ज्याच्याकडे पैसे कमी तो चालत जाणार. मला तरी ते पटत नाही. पण शहराकडे नाही असं एक हत्यार आपल्याकडे आहे: टाइमटेबल! कुठल्या बिल्डिंगमधून किती वाजता साधारण किती पोरं सुटणार हे सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच माहीत असतं. तर पाच मिनिटं आधी गाड्या तिथे नेऊन उभ्या करा, आणि आधीच बुक करायची सोय द्या. ज्यांनी आदल्या रात्री सांगितलंय त्यांना प्लॅनमध्ये बसवणं ऐन वेळी धावपळ करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

दुसरं म्हणजे एका गाडीत तिघांना बसवा, त्याच १५ गाड्यांत ४५ जातात. शेअरिंगचं गणित मात्र भयंकर फुगतं. दोघांना घ्यायचं आणि दोघांना सोडायचं तर क्रम ६ प्रकारे लागतो, तिघांचा ९० प्रकारे, चौघांचा २५२०, पाचांचा १,१३,४००. आणि हे एका गाडीचं झालं. २०१७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा डेटा घेऊन दाखवलं की चार जणांच्या ३००० गाड्या नीट वाटून वापरल्या तर शहराची ९८ टक्के टॅक्सीची मागणी भागते, जिथे प्रत्यक्षात टॅक्सी होत्या १३ हजारांच्या वर. पण आपल्याला त्यांचं गणित लागत नाही, कारण कॅम्पसवर लेक्चर सुटल्यावर अर्ध्याहून जास्त लोक एकाच ठिकाणाहून एका-दोन ठिकाणीच जायचे असतात. सगळ्यांचं चढणं एकाच थांब्यावर असलं की उरतो फक्त उतरायचा क्रम, चौघांसाठी २४. सगळे क्रम तपासून सगळ्यात छोटा घ्या, झालं. आणि स्क्रीनवर वाट खरी दाखवा. "३ मिनिटं" म्हणून बारा मिनिटं थांबवलेला पोरगा परत ॲप उघडत नाही, "१४ मिनिटं" वाचून तो चालत निघतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.

लॉगिनसाठी स्वतःचे पासवर्ड साठवू नका. युनिव्हर्सिटीचं आयटी डिपार्टमेंट बहुतेक ठिकाणी एकच लॉगिन सगळीकडे चालेल अशी सोय देतं, ती वापरा, माणूस आपलाच आहे हे तेच सांगतात आणि पासवर्ड आपल्याकडे येतच नाही. नुसता कॉलेजचा ईमेल चालतो यावर भरवसा ठेवू नका, पास होऊन गेलेल्यांचे ईमेल कधीकधी वर्षानुवर्षं चालू राहतात. ड्रायव्हरची तपासणी ही वेगळी गोष्ट, तिथे लायसन्स, गाडीची कागदपत्रं, आणि ती संपायची तारीख सर्व्हरवर, म्हणजे संपली की गाडी आपोआप बंद.

सेफ्टीबद्दल बोलताना एक घटना सांगावीच लागते. मार्च २०१९ मध्ये साऊथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीची एक विद्यार्थिनी रात्री आपली बोलावलेली गाडी समजून दुसऱ्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला. त्यानंतर गाडीत बसायच्या आधी ड्रायव्हरलाच "माझं नाव काय" विचारायची मोहीम निघाली. ॲपमध्ये याचं सोपं रूप म्हणजे चार आकडी पिन, प्रवासी सांगेल तो पिन ड्रायव्हरने टाकल्याशिवाय प्रवास सुरूच होत नाही. गाडीचा नंबर मोठ्ठ्या अक्षरात दाखवा, रंग लिहा, आणि मैत्रिणीला लिंक पाठवून प्रवास बघता येईल असं करा.

पण कॅम्पसवर दुसरी भीती अनोळखी माणसाची नसून ओळखीच्याची असते, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. ज्याच्याशी एखादी पोरगी बोलत नाही तोच कंट्रोल रूममध्ये पार्टटाइम काम करत असेल तर? कोण रोज रात्री कुठल्या हॉस्टेलपासून कुठे जातं हे त्याला एका क्लिकवर दिसतं. नावं काढून टाकली तरी भागत नाही, २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांच्या मोबाइल डेटावर दाखवलं की वेळ आणि जागेच्या नुसत्या चार नोंदी ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरतात. कॅम्पस तर किती छोटा! म्हणून ड्रायव्हरला फक्त पहिलं नाव आणि थांबा, फोन लागेल तो मधल्या नंबरवरून, म्हणजे खरा नंबर न दिसता, राइड संपली की त्याच्या स्क्रीनवरून सगळं गायब. ऑफिसातल्या माणसाला चालू राइड दिसू दे, जुनी बघायची असेल तर कारण लिहून, आणि कुणी काय बघितलं त्याची नोंद आपोआप. रस्त्याचा ठिपका न् ठिपका जपून ठेवायचा नाही, तक्रारीसाठी काही आठवडे पुरे, पुढे फक्त कुठल्या थांब्यावरून किती राइड एवढे आकडे.

सुरुवात करताना सगळा कॅम्पस एकदम घेऊ नका. रात्रीची वेळ, लायब्ररी ते हॉस्टेल, चार गाड्या, एवढंच महिनाभर चालवा, आणि नेट गेलं किंवा सर्व्हर पडला तर काय याचा कागद गेटवर चिकटवा, त्यावर एक फोन नंबर. मग रोज एकच मोजा: किती जणांनी ॲपवरून गाडी बोलावली आणि किती जणांनी सरळ ड्रायव्हरला फोन लावला. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात फोनच जास्त होते. आम्ही दोन दिवस लॉग चाळत बसलो, शेवटी एका ड्रायव्हरकाकांना विचारलं तर ते म्हणाले, अरे रात्री स्क्रीन इतकी पांढरी चमकते की गाडी चालवताना डोळे दिपतात, म्हणून मी ॲप बंदच ठेवतो. त्याच रात्री ड्रायव्हरच्या ॲपचा बॅकग्राउंड काळा केला.